कोपरापर्यंत डाळिंब

सध्या मी दिसेल त्याला डाळिंबाबद्दल सांगत सुटले आहे. बँकेत पासबुकावर नोंदी मारून घ्यायला आलेल्या काकांना सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं, घरमालकीणबाईंना सांगितलं, आणि ज्याच्या स्वतःच्या रानात डाळिंबाची बाग उभी आहे अशा माणसालाही भर काउंटरवर सांगितलं. (तो नुसतं ‘व्हय का?’ म्हणाला. फार सभ्य लोक आहेत इथले.) तेव्हा तुम्हीही सुटत नाही. डाळिंब खा! वाटीत चमचा घालून नव्हे. अख्खं फळ हातात घ्या, दोन्ही अंगठे आत घालून उकला, तोंड खुपसा आणि रस मनगटावरून जिकडे जायचा तिकडे जाऊ द्या. तुम्ही म्हणाल, आम्ही काय डाळिंब पाहिलं नाही? पाहिलं मीही होतं. जन्मभर पाहत होते.

मी रत्नागिरीकडची. आमच्याकडे फळ म्हणजे आंबा, फणस, काजूचं बोंडू, रातांबे, करवंदं, जांभळं. डाळिंब हे फळांत मोजायचंच नाही, ते औषधांत. कुणी टायफॉइडमधून उठलं, बाळंतीण घरी आली, कुणाला दवाखान्यात भेटायला जायचं असलं की बाजारातून डाळिंबं यायची. घरातली एखादी मावशी नाहीतर काकू कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरून ती सोलत बसायची आणि दाणे स्टीलच्या वाटीतून आजाऱ्यापुढे जायचे. आता आजाऱ्याच्या तोंडाला मुळात चव नसते. त्यामुळे डाळिंबाला चव असते की नाही, हे आमच्या घरात कुणालाच खात्रीनं सांगता आलं नसतं. उरलेसुरले दाणे दडप्या पोह्यांवर किंवा दहीभातावर पडायचे, तेही रंगापुरते.

मग माझी सांगोल्याला बदली झाली.

सांगोला म्हणजे माणदेश. रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो, इथं जेमतेम पाचशेच्या घरात, आणि तोही त्याच्या मर्जीनं. एसटीच्या खिडकीतून पहिल्यांदा हा मुलूख बघितला तेव्हा माळ, कुसळं, बाभळी आणि मध्येच कुठंतरी गर्द हिरव्या झुडपांच्या आखीव ओळी. या रखरखाटात एवढं हिरवं काय टिकलंय म्हणून शेजारच्या आजोबांना विचारलं, तर ते म्हणाले, “डाळिंब हाय की,” आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागले की बाई कुठल्या ग्रहावरून आली. कोकणात डाळिंबाचं झाड परसात एखादं असतं, फुलतंही सुरेख, पण आमच्या दमट हवेत त्याचं मन काही रमत नाही. इथं ते खूष. कोरडी हवा, मुरमाड हलकी जमीन, ठिबकचं मोजून दिलेलं पाणी. एवढंच त्याचं मागणं.

बागेत पाऊल टाकलं ते कामासाठीच, पीककर्जाच्या पाहणीला. डिसेंबरातली दुपार होती, मृग बहाराची फळं तोडणीला आली होती. झाडं माझ्या डोक्याएवढीच, जमिनीतूनच चार-पाच खोडं निघालेली, आणि फांदीच्या टोकाला काटा! हे कुणी सांगितलं नव्हतं. कागद सांभाळत आत शिरले आणि ओढणी अडकली. काही ओळींवर जुन्या साड्या ताणून बांधल्या होत्या, उन्हाचा चट्टा पडू नये म्हणून. कुणाची नऊवारी, कुणाची नायलॉनची फुलाफुलांची, आणि खाली त्यांच्या सावलीत ती फळं. शेंदरी-लाल, आणि प्रत्येकाच्या बुडाला दातेरी मुकुट. खरं तर ते फुलाचंच निदल. पाकळ्या गळून जातात, हे काही गळत नाही. फळ मोठं होतं, पिकतं, मुंबईला जातं, दुबईला जातं, तरी मुकुट आपला डोक्यावर.

शेतकरी दादा आकडे सांगत होते, मी लिहून घेत होते. बांधावर त्यांची आई बसली होती. तिच्यापुढे टोपल्यात निवडून बाजूला काढलेली फळं, सगळी तडकलेली. मध्ये पाण्याचा ताण बसला आणि मग एकदम पाणी लागलं, की साल ताणाला पुरत नाही, फळ उकलतं. असं फळ व्यापारी हातात धरत नाही.

“म्याडम, बसा. खावा की एक.”

मी म्हटलं, “आजी, सुरी?”

“सुरी कशाला लागतीया? इळीनं काळं पडतंय त्ये. हात न्हाईत व्हय तुमाला?”

आणि तिनं एक फळ उचललं, मुकुटाच्या बाजूनं बांधाच्या दगडावर टिचकी मारावी तसं हलकं आपटलं, फिरवून पुन्हा आपटलं, अंगठे रोवले आणि कर्रर्र आवाज करत ते दोन्हीकडे उघडलं. एक दाणा इकडेतिकडे गेला नाही. माझ्या हातात निम्मं देऊन म्हणाली, “दात लावा. सोलत बसू नगा.”

दात लावले.

आता हे कसं सांगू? आधी नुसता आवाज. दाताखाली एकदम दहा-वीस दाणे फुटतात आणि तोंड भरून थंडगार रस येतो, भर दुपारी, झाडावरचं फळ, तरी थंड! गोड, आणि गोडाच्या पाठोपाठ एक बारीकशी आंबट कड, आणि मध्येच पिवळ्या पडद्याचा कण दाताखाली आला की तुरटपणाचा झटका. तो तुरटपणाच सगळ्यात भारी. वाटीतल्या डाळिंबात तो कधी नसतोच, मावशी इतकं निगुतीनं सोलायची की पडद्याचा कपटासुद्धा राहायचा नाही, म्हणून ते नुसतं गोड पाणी लागायचं. इथं गोड-आंबट-तुरट एकामागोमाग एक येत होतं, बिया कुरकुर करत होत्या, रस हनुवटीवरून, मनगटावरून, कोपरावरून ठिबकत होता, माझ्या हातातल्या पाहणी अहवालावर एक गुलाबी थेंब पडला (तो कागद तसाच फाइलला लागला आहे) आणि मला काहीही फरक पडत नव्हता. आजीनं दुसरं फळ आपटलं.

त्या दिवसापासून वेड लागलं ते लागलंच.

पहिलं वेड, आतलं बांधकाम. तुम्ही कधी डाळिंब न कापता, नुसतं उकलून नीट आत बघितलंय? कापलं की सगळा घोटाळा होतो, निम्मे दाणे सुरीखाली चिरडतात. उकललं की कळतं, आत दोन मजले आहेत! वरच्या मजल्यावर, म्हणजे मुकुटाकडच्या, पाच-सहा-सात कप्पे, आणि खालच्या मजल्यावर तीनेक. प्रत्येक कप्प्याला पातळ पिवळसर पडद्याची भिंत. या भिंती बाहेरूनही ओळखता येतात, पिकलेल्या फळाच्या अंगावर जे उंचवटे दिसतात त्यांच्या आधारानं. म्हणून फळाचा मुकुट उथळ कापून चकती काढायची, कप्पे दिसले की त्या धारांवरून सालीला नुसत्या चिरा द्यायच्या, खोल नाही, आणि हातानं फाकवायचं. फळ आपणहून कप्प्याकप्प्यानं सुटं होतं.

आणि आपण खातो काय, तर फळाचा गर नव्हेच! हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः उठून फेऱ्या मारल्या. प्रत्येक लाल दाणा म्हणजे एक अख्खी बी, आणि तो रसाळ भाग म्हणजे त्या बीचं सगळ्यात बाहेरचं आवरण. आंब्यात आपण बी टाकून गर खातो, इथं गर नावाची गोष्टच नाही, नुसत्या बियांनी ठासून भरलेली खोली. दाणे मोजायलाही बसले होते एका रात्री. ज्यू लोकांत म्हणतात की डाळिंबात 613 दाणे असतात, त्यांच्या धर्मग्रंथातल्या आज्ञांइतके. मी चारशेच्या पुढे गेले आणि मग मोजलेल्यातलेच खाऊ लागले, तेव्हा हिशेब बुडाला.

दाणा उजेडात धरून बघा. गोल नाही तो. त्याला सपाट बाजू आहेत, कडा आहेत. का? हा प्रश्न मला पडायच्या आधी योहानेस केप्लरला पडला होता. तोच, ग्रह लंबवर्तुळात फिरतात म्हणणारा! प्रागला असताना, 1611 मध्ये, त्यानं आपल्या आश्रयदात्याला नववर्षाची भेट म्हणून एक छोटी पुस्तिका लिहिली. विषय, हिमाचा कण सहा कोनांचाच का. त्या ओघात त्याला मधमाशांचं पोळं आठवलं आणि डाळिंब आठवलं. त्याचं म्हणणं असं: दाणे लहान असतात तेव्हा जागा ऐसपैस असते, ते गोल असतात. मग दाणे वाढत जातात, साल मात्र तेवढी ताणत नाही, दाणा दाण्याला रेटतो आणि जिथं रेटा बसतो तिथं सपाटी येते. नीट दाटीनं रचलेले गोळे चहूबाजूंनी दाबले तर प्रत्येकाची बारा बाजूंची आकृती होईल, बाराही बाजू समभुज चौकोन. आणि मग गडी तिथंच थांबला नाही. गोळे जास्तीत जास्त दाटीनं रचायचे कसे, यावर त्यानं जे उत्तर दिलं (फळवाले संत्री रचतात तीच रचना) ते बरोबर आहे हे सिद्ध करायला गणितज्ञांना 1998 उजाडलं. टॉमस हेल्स यांनी ते केलं, संगणकाच्या मदतीनं. डाळिंब खाताना हे सगळं तोंडात असतं! प्रत्यक्षातले दाणे गणितातल्याइतके देखणे नसतात हेही सांगते. एक टोक निमुळतं, चिकटलेली बाजू पांढुरकी, एखादा वाकडा. पण सपाट बाजू आहेत. मी भिंग घेऊन बघितल्या.

आता पसारा. पसाऱ्याबद्दल लोक तक्रार करतात, मला तर त्यातच निम्मी मजा सापडली आहे. त्या दुपारी घरी आले तर पांढऱ्या कुर्त्यावर ठिपकेच ठिपके. बादलीत टाकला, साबणाची वडी घासली, आणि गुलाबी ठिपका डोळ्यांदेखत निळा-करडा झाला! मी ओरडलेच. घरमालकीणबाई धावत आल्या, त्यांना वाटलं विंचू. तर गंमत अशी की डाळिंबाचा लाल रंग अँथोसायनिन नावाच्या रंगद्रव्यांचा, आणि ही मंडळी आंबटात लाल राहतात, साबणासारख्या अल्कलीत निळ्या-हिरव्याकडे झुकतात. आमच्या कोकमाच्या रंगातही हीच मंडळी आहेत. मग काय, एका जुन्या रुमालाचे तुकडे करून बसले: एकावर लिंबू, एकावर खायचा सोडा, एकावर साबण. घरमालकीणबाईंनी मला चहा आणून दिला, आणि चेहऱ्यावर काही दाखवलं नाही.

डाग काढायचाच असेल तर आधी गार पाणी भरपूर सोडायचं, मग लिंबू, आणि साबण शेवटी. वाळू द्यायचा नाही, वाळला की तपकिरी होऊन बसतो. तो तपकिरीपणा टॅनिनांचा, आणि टॅनिन मुख्यतः सालीत आणि पडद्यांत. ‘इळीनं काळं पडतंय’ असं आजी म्हणाली त्याचं कारणही हेच: लोखंड आणि टॅनिन एकत्र आले की काळा रंग होतो. आणि म्हणूनच डाळिंबाची साल आपल्याकडे रंगारी जपून ठेवत आले. तुरटीबरोबर ती कापडाला पिवळा रंग देते, लोखंडाबरोबर काळपट. म्हणजे बघा, ज्या फळाच्या डागांना आपण इतके वैतागतो, त्याचे डाग पाडायचे म्हणून लोक सालीचे पैसे मोजत आले आहेत. मी सध्या साली वाळवते आहे. गच्चीवर एक सूप भरलंय.

ज्यांना हात भरवायचेच नाहीत, त्यांच्यासाठी पातेल्याची युक्ती आहे. मोठ्या पातेल्यात पाणी घ्या, फळाचे तुकडे पाण्याखाली धरून दाणे बोटांनी सोडवा. दाणे बुडतात, पडदे तरंगतात, वरचेवर काढून टाका, गाळा, झालं. शिंतोडा उडत नाही. दुसरी रीत, अर्धं फळ पालथं तळहातावर धरून वरून डावानं बडवायचं, दाणे बोटांच्या फटीतून भांड्यात पडतात, आणि ऑफिसातल्या कुणावर राग असेल तर तोही जातो. मॉलमध्ये सोललेल्या दाण्यांच्या डब्या मिळतात, त्याबद्दल मला बोलायचं नाही. बोलतेच. घेऊ नका. सोललेला दाणा सुकत, आंबत चाललेला असतो, आणि सालीत असलेलं डाळिंब मात्र आठवडेच्या आठवडे टिकतं, शीतगृहात तर दोन-तीन महिने. एवढी उत्तम वेष्टनं निसर्गानं फुकट दिलेली असताना ती फेकून प्लास्टिकमध्ये भरायचं म्हणजे काय!

आणि आता माझी सगळ्यात लाडकी रीत, ती इराणची. डाळिंब मूळचं त्याच बाजूचं, इराणपासून ते उत्तर भारताच्या डोंगरांपर्यंतचं. इराणात वर्षातली सगळ्यात मोठी रात्र, यल्दा, डिसेंबरच्या विशीत येते. त्या रात्री लोक जागतात आणि डाळिंब, कलिंगड खातात. तिकडे एक प्रकार असा की फळ न सोलता, न चिरता हाताच्या तळव्यांत दाबत, फिरवत, मळत राहायचं, साल फुटू द्यायची नाही. आतले दाणे फुटून रस सुटतो, फळ मऊ लागायला लागतं, मग एक बारीक भोक पाडायचं आणि तोंड लावून सगळा रस ओढून घ्यायचा. वाचल्यावर मी हसत सुटले. अहो, हा तर आमचा रायवळ आंबा! चोखायचा आंबा असाच माचवायचा, देठाकडचा चीक पिळून टाकायचा आणि तोंडाला लावायचा. माणूस रत्नागिरीचा असो की तेहरानचा, फळ हातात आलं की त्याला त्याच युक्त्या सुचतात. मी लगेच करून बघितलं. जाड सालीचं, नुकतं तोडलेलं फळ घ्यावं लागतं, आणि एखाद्या ठिकाणी आतून दाणे जास्त दाटले असले तर तिथूनच पिचकारी उडते, ती नेमकी कॅलेंडरवर. पण ज्या वेळी जमतं त्या वेळी काय रस येतो! एका दमात. बिया आतच राहतात.

बिया मात्र एरवी टाकू नका. आमच्याकडे बी गिळली की अपेंडिक्स, असा धाक होता, त्यामुळे चोखून थुंकणारे पुष्कळ. डाळिंबातला चोथा, म्हणजे तंतू, बराचसा त्या बीतच आहे. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे 4 ग्रॅम. फळांत हा आकडा चांगला. शिवाय 10 मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व, थोडं फोलेट, पोटॅशियम, आणि ऊर्जा 83 कॅलरीच्या जवळपास. बी भगवा जातीची असेल तर मऊ असते, चावली की जाते. काही जुन्या जातींत दाताला त्रास देते.

तब्येतीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते, आमच्या मावशीला राग आला तरी. डाळिंबानं रक्त वाढतं म्हणतात ना? शंभर ग्रॅम दाण्यांत लोह सुमारे 0.3 मिलिग्रॅम. म्हणजे नाहीच जवळजवळ. रंग बघून बांधलेला अंदाज तो. बाळंतिणीला अळीव द्या, पालेभाजी द्या, आणि डाळिंब चवीसाठी द्या. खरी श्रीमंती वेगळीच आहे, पॉलिफेनॉल नावाच्या गटातली, त्यात प्युनिकॅलॅजिन हे डाळिंबाचं खास. 2000 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात डाळिंबाच्या रसाची अँटिऑक्सिडंट क्षमता रेड वाइन आणि ग्रीन टीच्या तिप्पट भरली, आणि त्यातही कारखान्यातला, अख्खं फळ सालीसकट दाबून काढलेला रस घरी दाण्यांपासून काढलेल्या रसापेक्षा वरचढ ठरला. कारण ते प्युनिकॅलॅजिन सालीतून उतरतं! पुन्हा तीच तुरट साल. पण हे प्रयोगशाळेतलं मोजमाप आहे. त्याच्या जोरावर अमेरिकेतल्या एका मोठ्या रस कंपनीनं हृदयरोगापासून कर्करोगापर्यंत सगळ्यावर इलाज असल्याच्या जाहिराती केल्या, तेव्हा तिथल्या व्यापार आयोगानं तिला धरलं, आणि 2015 मध्ये अपील न्यायालयानंही पुरावा पुरेसा नाही असंच ठरवलं. मला या इलाजांची गरजच वाटत नाही. ज्याला खायला वीस मिनिटं आणि दोन्ही हात लागतात, जे खात असताना फोनला हात लावता येत नाही, एवढं त्या फळाचं पथ्य मला पुरे आहे.

बाजारात घ्यायचं कसं, हे मला त्याच आजीनं शिकवलं. चेंडूसारखं गुळगुळीत गोल फळ घेऊ नका. दाणे भरले की ते आतून रेटतात आणि फळाच्या अंगाला कोन येतात, म्हणून जरा चौकोनी, खांदे वर आलेलं, हाताला जड लागणारं घ्यायचं. बोटानं वाजवलं तर टणक आवाज आला पाहिजे. साल थोडी सुकून चामड्यासारखी झाली असली तर घाबरायचं नाही, आत रस असतो. आणि घरी ठेवून पिकेल या आशेवर कच्चं घ्यायचं नाही. आम्हा आंबेवाल्यांना हे फार अवघड जातं. आंबा अढीत घातला की आपलं आपण सोनं होतो, डाळिंब तोडल्यावर पिकत नाही. झाडावर असेल तेवढंच.

त्यामुळे झाडावरचे ते पाच-सहा महिने किती महत्त्वाचे असतात हे इथं राहिल्यावर कळलं. डाळिंबाला फुलं कधी येतील हे शेतकरी ठरवतो! पाणी तोडतो, झाडाला तहानलेलं ठेवतो, मग इथ्रेल मारून पानं पाडतो, छाटणी करतो, खत घालतो, आणि पाणी सोडतो की झाड फुटतं आणि लालभडक फुलांनी भरतं. जानेवारी-फेब्रुवारीत धरला तर आंबे बहार, पावसाच्या तोंडावर मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरात हस्त. झाडाला मुद्दाम तहान लावायची ही कल्पना मला आधी क्रूर वाटली. मग आठवलं, आम्हीही मोहोर यावा म्हणून आंब्याच्या कलमांच्या बुंध्यात कल्टार ओततो, तेव्हा गप्प बसलेलं बरं.

जात बघायची तर भगवा. तिची कुळकथा मला फार आवडते. पुण्यात गणेशखिंडीच्या फळसंशोधन केंद्रात डॉ. चीमा यांनी 1936 मध्ये आळंदीच्या डाळिंबांतून एक झाड निवडलं, तेच पुढं ‘गणेश’ म्हणून गाजलं. मऊ बी, गोड, पण दाणा फिका गुलाबी. राहुरीच्या कृषी विद्यापीठानं त्याचा संकर गुल-ए-शाह रेड या रशियन लाल जातीशी केला आणि त्या वंशातून मृदुला, आरक्ता आणि भगवा निघाल्या. म्हणजे ज्या फळाचं नाव इतकं आपलं, त्याचा लाल रंग रशियन! सोलापुरात 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापूर डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्या सांगोल्याच्या स्टेशनातून 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल पार बंगालमध्ये शालिमारला सुटली होती. (आमच्या! बघा, कोकणातली बाई किती लवकर फितूर झाली.) जानेवारी 2025 मध्ये सोलापूर भागातली डाळिंबं जहाजानं सिडनीला पोचली. पाच आठवडे समुद्रावर, तीही त्याच सालीत.

पण कर्जाच्या फायली माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे दुसरी बाजूही दिसते. तेल्या पडला की फळावर काळे तेलकट डाग आणि चिरा, आत दाणे उत्तम असले तरी भाव मातीमोल. मर रोग आला की उभं झाड वाळतं, आणि शेजारचंही. खोडाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पाडणारा भुंगेरा आला तेव्हा या तालुक्यात लोकांनी बागांच्या बागा उपटून टाकल्या, आणि ती मोकळी रानं अजून दिसतात. काही जण पुन्हा लावताहेत. त्या आजीच्या मुलानंही पुन्हा लावलेलीच ही बाग. म्हणून कुणी मंडईत डाळिंबाच्या भावावरून घासाघीस करायला लागलं की मला आता बाजूला उभं राहवत नाही. मध्ये तोंड घालते.

परवा ओळखीच्या गाडीतून रत्नागिरीला पेटी धाडली. संध्याकाळी आईचा फोन आला.

“पोचली हो. फळं मोठी आहेत. पण अगो, सोलून डब्यात घालून नाही का पाठवायची?”

मी पातेल्याची युक्ती सांगायला सुरुवात करणार, तोवर पलीकडून बाबांचं मोठ्यानं हसणं ऐकू आलं आणि आईचा आवाज एकदम चढला. “तू यांना ते इराणचं कशाला सांगितलंस? पडवीत बसून रायवळासारखं चोखतायत! नवं कोरं बनियन, भिंतीवरसुद्धा उडालंय. थांब, आधी साबण लावते…”

“आई, साबण नको! आधी गार पाणी! मग लिंबू! आई!”